अमळनेरच्या डब्यातलं तूप

विप्रो म्हटलं की बंगळुरूच्या काचेच्या इमारती, गळ्यात ओळखपत्र आणि पाठीला लॅपटॉपची बॅग असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ही कंपनी जन्मली मात्र आपल्या जळगाव जिल्ह्यात, बोरी नदीकाठच्या अमळनेरला. २९ डिसेंबर १९४५ रोजी मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी तिची नोंदणी केली तेव्हा नाव होतं ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड’. या लांबलचक नावातली अक्षरं जुळवून पुढे ‘विप्रो’ झालं. आणि माल कोणता? शेंगदाण्याच्या तेलापासून केलेलं वनस्पती तूप, म्हणजे लोकांच्या भाषेत डालडा.

भडगावहून पारोळ्यामार्गे अमळनेर तास-दीड तासाच्या अंतरावर आहे. आपल्याकडे या कंपनीची गोष्ट निघते ती शेअरची. कुणाच्या तरी आजोबांनी जुन्या काळी शेअर घेऊन ट्रंकेत टाकले आणि नातवंडं कोट्यधीश झाली, ही गोष्ट खान्देशात प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेली असते. ती खरीही आहे. अमळनेरच्या अनेक घरांना त्या कागदांनी श्रीमंत केलं.

पण त्या कारखान्यातून कागदाआधी डबे बाहेर पडले. देशभरातल्या अशा कारखान्यांचे डबे लग्नाच्या मांडवात, हलवायाच्या कढईत, बेकरीच्या भट्टीत आणि शेवटी माणसांच्या रक्तात गेले. त्या डब्यात नेमकं काय होतं हे विज्ञानाला कळायला जवळपास पन्नास वर्षं लागली आणि कायद्याला पंचाहत्तर. या दरम्यान खान्देशातल्या ताटातलं तेल तीनदा बदललं. प्रत्येक वेळी ते बदलायचं कुणी ठरवलं, आणि ते चांगलं की वाईट हे कुणी तपासलं, हे समजून घेतलं तर आजच्या आपल्या पिशवीतल्या तेलाकडेही नीट बघता येईल.

घाण्याचा काळ

१८७० च्या दशकात इंग्रज सरकारने भडगावला प्रायोगिक शेती चालवली होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेना, तेव्हा खान्देशची काळी जमीन सरकारच्या नजरेत भरली. रेल्वेही त्याच दशकात चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. त्यामुळे सरकारी प्रयोगांचा सगळा भर लांब धाग्याच्या कापसावर होता. इथले लोक काय खातात, हा त्या शेतीचा विषय नव्हता.

लोक तेल खात होते ते तिळाचं, करडईचं, जवसाचं. तेल निघायचं गावातल्या तेल्याच्या लाकडी घाण्यावर. बैल गोल फिरायचा, तेल खाली पडायचं, पेंड गुरांना जायची. आपलं बियाणं देऊन आपलंच तेल घेऊन यायचं, अशीही पद्धत होती. तेलाची परीक्षा नाकाने आणि जिभेने व्हायची. खवट तेल वासावरून कळायचं. तुपाची परीक्षा त्याच्या रव्यावरून आणि कढवतानाच्या वासावरून व्हायची. भेसळ तेव्हाही होती. पण विकणारा माणूस त्याच गावात राहायचा आणि उद्या पुन्हा समोर यायचा.

या काळाचं फार गोडवं गाण्याचं मात्र कारण नाही. गरिबाच्या घरी तेल म्हणजे फोडणीपुरता थेंब. ज्वारी-बाजरीची भाकर, मिरचीचा ठेचा आणि कधी कळण्याची भाकर यावर दिवस जायचे. तूप सणाला, आणि तेही सगळ्यांना नाही. शरीराला लागणारी चरबी बहुतेकांना कमीच पडायची. म्हणूनच स्वस्त स्निग्ध पदार्थ बाजारात आला तेव्हा लोकांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

तेलाचं तूप कसं होतं

१९०२ साली विल्हेल्म नॉर्मान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक पेटंट घेतलं. पातळ तेल तापवायचं, त्यात निकेल धातूची भुकटी घालायची आणि दाबाखाली हायड्रोजन वायू सोडायचा. तेल घट्ट होतं. ते लवकर खवट होत नाही, सांडत नाही, डब्यात भरून दूरवर पाठवता येतं. १९११ साली अमेरिकेत याच पद्धतीने सरकीच्या तेलापासून ‘क्रिस्को’ नावाचा पदार्थ आला आणि तिथल्या स्वयंपाकघरातून डुकराची चरबी हटू लागली.

भारतात हा पदार्थ आधी हॉलंडहून आला. इथे त्याची तुलना डुकराच्या चरबीशी होणार नव्हती, तुपाशी होणार होती. पांढरा, दाणेदार, घट्ट. दिसायला तूप आणि भावाला तुपापेक्षा कितीतरी स्वस्त. १९३७ साली हिंदुस्थान व्हनस्पती मॅन्युफॅक्चरिंग या लीव्हरच्या कंपनीने ‘डालडा’ बाजारात आणला. पिवळा डबा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. जाहिरातीसाठी डब्याच्या आकाराची गाडी रस्त्यांवर फिरवली गेली. काही वर्षांतच डालडा हे एका कंपनीचं नाव उरलं नाही, त्या जातीच्या सगळ्याच तुपाचं नाव झालं. रिकामा डबा तर घराघरात कायमचा राहिला. त्यात तुळस लागली, ज्वारी ठेवली गेली आणि तो पहाटे हातात धरून लोक रानातही गेले.

दुसऱ्या महायुद्धात तुपाची टंचाई झाली, भाव चढले आणि वनस्पतीचे कारखाने वाढले. अमळनेरचा कारखाना याच लाटेतला. जागा विचारपूर्वक निवडलेली होती. विसाव्या शतकात खान्देशात भुईमूग पसरला होता. गिरणा, बोरी, पांझरा, तापीच्या खोऱ्यातून शेंगा मिळत होत्या आणि सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग अमळनेरवरूनच जात होता. कच्चा माल दाराशी आणि माल बाहेर न्यायला गाडी उभी. इथल्या वनस्पतीची नावं ‘सनफ्लॉवर’, ‘किसान’ आणि ‘कॅमल’. तेलाच्या उरलेल्या भागातून ‘७८७’ नावाचा कपड्यांचा साबण व्हायचा. १९६६ साली हाशम प्रेमजी वारले तेव्हा त्यांचा २१ वर्षांचा मुलगा अझीम अमेरिकेतलं शिक्षण सोडून परत आला आणि याच तेल-साबणाच्या धंद्यातून त्याने पुढचं सगळं उभं केलं.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर हा चांगला काळ होता. शेंगांना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. भुईमूग जमिनीचा कस राखतो, पाला गुरांना होतो आणि घरात दाणे राहतात. शेंगदाण्याची चटणी, दाण्याचं कूट, भाजलेल्या शेंगा हे आपल्या खाण्यातलं मोलाचं प्रथिन आहे. पण शेतात आलेला चांगला दाणा कारखान्याच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडताना वेगळाच पदार्थ होऊन निघत होता.

तीळ नावाचा खबऱ्या

वनस्पतीबद्दल देशात वाद झाला नाही असं नाही. चांगला कडाक्याचा झाला. महात्मा गांधींनी १९४० च्या दशकात ‘हरिजन’मधून वनस्पतीविरुद्ध लिहिलं. स्वातंत्र्यानंतर ठाकुरदास भार्गव यांनी संसदेत वनस्पतीवर बंदी घालण्याचं विधेयक आणलं. गोपालक, ग्रामोद्योगवाले आणि गांधीवादी एका बाजूला, तर कारखानदार आणि औद्योगिकीकरणाच्या बाजूचं सरकार दुसऱ्या बाजूला. बंदी आली नाही.

या वादात मुख्य तक्रार होती ती भेसळीची. वनस्पती तुपात मिसळलं तर ओळखू येत नाही, हे सगळ्यांना मान्य होतं. मग त्याला रंग द्यावा अशी सूचना पुढे आली. रंग असा हवा की जो तापवून जाणार नाही, धुवून निघणार नाही आणि शरीराला बाधणार नाही. अनेक वर्षं शोध चालला. रतनज्योत या वनस्पतीचा लाल रंगही सुचवून झाला. मनाजोगता रंग काही सापडला नाही.

दुसरा उपाय मात्र सापडला, आणि तो फार हुशारीचा होता. वनस्पतीत ५ टक्के तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं झालं. तिळाच्या तेलात असा एक घटक असतो की जो विशिष्ट रसायनांबरोबर गुलाबी-लाल रंग देतो. बौडुइन चाचणी म्हणतात तिला. तूप म्हणून विकलेल्या मालाचा नमुना प्रयोगशाळेत नेला आणि तो लाल झाला, की समजायचं आत वनस्पती आहे. खान्देशाच्या ताटातून हळूहळू मागे पडलेलं तीळ असं कारखान्याच्या डब्यात खबऱ्या म्हणून परत आलं.

दुसरा प्रश्न होता अपायाचा. उंदरांवर प्रयोग झाले. काही ठिकाणी निकाल वाईट आले, त्यावर गदारोळ झाला आणि पुन्हा प्रयोग झाले. शेवटी सरकारने असा निष्कर्ष स्वीकारला की ३७ अंश सेल्सिअसच्या आत वितळणारं, म्हणजे माणसाच्या शरीराच्या उष्णतेला वितळणारं वनस्पती अपायकारक नाही. १९५० च्या दशकापासून त्यात अ जीवनसत्त्व घालणंही सक्तीचं झालं. पोट बिघडत नाही, वाढ खुंटत नाही, जीवनसत्त्वही आहे. त्या काळच्या ज्ञानाप्रमाणे हे उत्तर पुरेसं वाटण्यासारखं होतं.

चुकलं ते इथेच. उपासमारीच्या सावलीत असलेल्या देशाने अन्नाला विचारायचे प्रश्नही उपासमारीचेच होते. याने पोट भरतं का? याने मूल वाढतं का? वीस-तीस वर्षं रोज खाल्ल्यावर हृदयाच्या रक्तवाहिन्यांचं काय होतं, हे उंदराच्या पिंजऱ्यात काही महिन्यांत दिसणारं नव्हतं.

वाकड्या काड्या, सरळ काड्या

तेलाचा रेणू म्हणजे एक लांब साखळी. पातळ तेलांच्या साखळीला मध्ये बाक असतो. शेतातल्या पऱ्हाट्यांची मोळी आठवा. वाकड्यातिकड्या फांद्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत, मोळी सैल राहते. म्हणून तेल पातळ. तुराट्या सरळ असतात, त्यांची मोळी घट्ट बसते. तुपात अशा सरळ साखळ्या जास्त, म्हणून तूप गोठतं.

तेलात हायड्रोजन सोडला की काही साखळ्यांचा बाक जाऊन त्या सरळ होतात. पण काम अर्ध्यावर थांबवलं तर काही साखळ्या अशा होतात की त्यांचा मूळचा जोड तसाच राहतो, पण उलटा फिरून बसतो. त्या दिसायला सरळ, पण रचनेने परक्या. यांनाच ट्रान्स फॅट म्हणतात. दूध-तुपात ते थोडे असतात. वनस्पतीत भरपूर होते. भारतातल्या काही नमुन्यांत एकूण चरबीच्या ४० टक्क्यांपेक्षाही जास्त ट्रान्स फॅट सापडले आहेत.

१९९० साली हॉलंडमधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी निरोगी माणसांना मोजून-मापून आहार देऊन दाखवलं की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी होतं. असा दुहेरी फटका तूप किंवा लोणीही देत नाही. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतून हृदयविकाराशी संबंध पक्का झाला. २००३ मध्ये डेन्मार्कने २ टक्क्यांची मर्यादा घातली. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातून औद्योगिक ट्रान्स फॅट हटवण्याची हाक दिली, तेव्हा त्यामुळे दरवर्षी ५ लाखांहून अधिक लोक हृदयविकाराने मरतात असा अंदाज दिला होता.

भारतात काय झालं? आधी १० टक्क्यांची मर्यादा आली, मग ५ टक्के, जानेवारी २०२१ पासून ३ आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के. म्हणजे शास्त्राने पुरावा दिल्यापासून ३२ वर्षांनी आणि अमळनेरची कंपनी नोंदली गेल्यापासून ७६ वर्षांनी.

या उशिराचा भार कुणी उचलला? ज्याला साजूक तूप परवडत होतं त्याने नाही. हॉटेलात काम करणाऱ्या पोराने, बसस्टँडवर खारी आणि चहा घेऊन दिवस काढणाऱ्या प्रवाशाने, लग्नात डालड्यातली बुंदी-जिलेबी पोटभर खाणाऱ्या गावाने तो उचलला. कारखानदारांनी कायदा मोडला होता असंही नाही. कायद्याने मागितलेलं सगळं, तिळाच्या तेलापासून जीवनसत्त्वापर्यंत, डब्यात होतं. जे मागितलंच नव्हतं ते मोजलंही गेलं नव्हतं.

शेंगा गेल्या, पामोलिन आलं

डालड्याला पहिला मोठा धक्का विज्ञानाने दिला नाही. १९८३ साली वनस्पतीत परदेशातून आणलेली गुरांची चरबी मिसळली जाते, हे उघड झालं आणि देशभर संताप उसळला. सरकारने चरबीच्या आयातीवर बंदी घातली. त्या वेळेपासून अनेक घरांनी डालडा सोडला आणि रिफाइंड तेल धरलं. वर्षानुवर्षं विश्वासाने खाल्लेल्या वस्तूत काय आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं, याचा तो धक्का होता.

याच सुमारास खान्देशाकडे उत्तम भुईमूग होता. जळगावच्या तेलबिया संशोधन केंद्रात १९७० च्या दशकाच्या अखेरीस ‘जेएल-२४’ हा वाण निघाला. जेएल म्हणजे जळगाव. ‘फुले प्रगती’ हे त्याचं दुसरं नाव. लवकर तयार होणारा हा वाण देशभर गेला, आफ्रिकेतही गेला. मलावी देशात तो ‘काकोमा’ नावाने पेरला जातो. १९८६ साली केंद्र सरकारने तेलबिया तंत्रज्ञान अभियान सुरू केलं आणि १९९० च्या सुरुवातीला देश खाद्यतेलात जवळपास स्वयंपूर्ण झाला.

ती स्वयंपूर्णता टिकली नाही. १९९४ पासून पामोलिनची आयात खुली झाली. इंडोनेशिया-मलेशियातल्या ताडाच्या झाडाचं तेल इतकं स्वस्त पडतं की शेंगदाणा त्याच्यापुढे टिकत नाही. त्यात शेंगा काढायला मजूर मिळेनात, रानडुकरं वावर उकरून जायची आणि २००२ नंतर बीटी कापसाने नगदी पैसा दाखवला. भडगाव, पाचोरा, पारोळा या पट्ट्यात आज शेतं पाहिलीत तर कापूस आणि मका डोळ्यांत भरतो. भुईमूग असतो, पण तो कपाशीच्या समुद्रात बेटासारखा.

आज भारत गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. दरवर्षी दीड कोटी टनांच्या वर. त्यात सर्वांत मोठा वाटा पाम तेलाचा. याचा अर्थ २०२२ साली आपण सगळ्यांनी अनुभवला. फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल अडकलं. एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. खेड्यातल्या दुकानात तेलाच्या पिशवीवर हात ठेवून लोक आधी भाव विचारू लागले.

त्याच वर्षी दिवाळीला महाराष्ट्र सरकारने रेशनवर ‘आनंदाचा शिधा’ दिला. १०० रुपयांत एक किलो रवा, एक किलो साखर, एक किलो हरभरा डाळ आणि एक लिटर पाम तेल. महागाईच्या वर्षात ते पाकीट अनेक घरांना खरंच उपयोगी पडलं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण यादी पुन्हा वाचा. ज्या जिल्ह्याचा भुईमूग मलावीत पेरला जातो, त्या जिल्ह्याच्या रेशन दुकानात तेल आलं ते समुद्रापलीकडून. आणि त्यातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, शेंगदाण्याच्या तेलात साधारण पाचवा हिस्सा. सरकार स्वस्त तेल वाटतं तेव्हा गरिबाच्या ताटातल्या चरबीचा प्रकारही तेच ठरवत असतं, हे त्या यादीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मग परत घाण्याकडे?

सध्या भडगावपासून पुण्यापर्यंत ‘लाकडी घाण्याचं तेल’ अशा पाट्या दिसतात. व्हॉट्सअॅपवर रोज कुणीतरी सांगतं की रिफाइंड म्हणजे विष आणि घाण्याचं म्हणजे अमृत. गोष्ट इतकी सोपी नाही.

शेंगांना ओल लागली, वाळवणीला पाऊस आला, पोतं दमट कोपऱ्यात राहिलं की दाण्यावर एक बुरशी धरते. ती अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की पक्षी हजारोंनी मेले, तेव्हा खाद्यातल्या बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतून या विषाचा शोध लागला. १९७४ साली आपल्या शेजारच्या गुजरातमधल्या पंचमहाल आणि राजस्थानातल्या बांसवाडा जिल्ह्यांत पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाऊन आदिवासी गावांत यकृताच्या आजाराची साथ आली आणि शंभरावर माणसं दगावली. त्यांच्याकडे दुसरं धान्य नव्हतं, म्हणून दिसत असूनही त्यांनी ते खाल्लं. अफ्लाटॉक्सिन दीर्घकाळ पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो.

रिफायनरीत अल्कलीने धुताना हे विष बहुतांशी निघून जातं. घाण्यात ते निघत नाही. दाणे वाईट असतील तर विष तेलात उतरतं. सरकीचंही तसंच. कपाशीच्या बियांत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं, ते रिफाइंड केल्यावरच जातं. म्हणजे घाणा चांगला की गिरणी, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर नाही. घाणेवाल्याने दाणे निवडले का, वाळवले का, साठवले कसे, यावर त्याचं तेल ठरतं.

तेल कारखान्यातून चांगलं निघालं तरी पुढे कढई आहे. खान्देश शेवेचा मुलूख. शेवभाजीशिवाय आपल्याकडे ढाब्याला ढाबा म्हणत नाहीत. तेच तेल दिवसभर आणि दुसऱ्या दिवशीही तापत राहिलं की त्यात घातक संयुगं साठतात. जुलै २०१८ पासून नियम आहे की अशा ध्रुवीय संयुगांचं प्रमाण २५ टक्क्यांवर गेलं की ते तेल वापरायचं नाही. नियम चांगला आहे. पण हातगाडीवरच्या कढईतलं तेल मोजायला कुणी येतं का, हा प्रश्न आहे. सुट्या तेलाचंही तेच. १९९८ साली दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि साठावर माणसं गेली. त्यानंतर सुटं तेल विकायला कायद्याने मनाई झाली. आठवडे बाजारात जाऊन पाहा, पिंपातून मापाने तेल घेणारी माणसं आजही दिसतात. दिवसाच्या मजुरीतून पाव किलोच तेल घेता येतं, त्याला लिटरची पिशवी घ्यायला सांगून काय उपयोग?

परीक्षा कुणाच्या हाती

घाण्याच्या काळात तेलाची परीक्षा खाणाऱ्याच्या नाकाला करता यायची. कारखान्याने वास काढून टाकला, रंग काढून टाकला, पिशवी बंद केली. ट्रान्स फॅटला चव नाही, अफ्लाटॉक्सिनला वास नाही. आपली जीभ इथे निकामी आहे. म्हणून परीक्षा दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यावी लागते. तिळाच्या ५ टक्क्यांनी हे काम एकदा करून दाखवलं होतं. प्रश्न अचूक असेल आणि तपासणी सोपी असेल तर कायदा चालतो.

तुम्ही स्वतःपुरतं काही करू शकता. बिस्किट, खारी, फरसाणाच्या पाकिटाच्या मागे ‘हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट’ लिहिलंय का आणि ट्रान्स फॅटच्या ओळीत किती आकडा आहे, हे मोबाइलने फोटो मोठा करून वाचता येतं. घरात एकच तेल वर्षभर न वापरता शेंगदाणा, तीळ, करडई, मोहरी असं आलटून-पालटून वापरणं बरं, असं आहारतज्ज्ञ सांगतात. तळणीचं तेल पुन्हा पुन्हा न तापवणं तर पूर्णपणे आपल्या हातात आहे. काळवंडलेला, सुरकुतलेला, कडवट दाणा फेकून द्यावा, कुटात घालू नये.

पण खरं काम एकेकट्याच्या स्वयंपाकघरात संपत नाही. अन्न तपासणारी यंत्रणा तालुक्यापर्यंत आली, कढईतलं तेल मोजणारं छोटं यंत्र घेऊन निरीक्षक महिन्यातून एकदा बसस्टँडवर फिरला, तर शेवेचा दर्जा एका हंगामात बदलेल. बाजार समितीत शेंगा घेताना ओलावा आणि बुरशी तपासली आणि कोरड्या, स्वच्छ मालाला चार पैसे जास्त दिले, तर शेतकरी आपोआप वाळवणीकडे लक्ष देईल. आणि सरकार रेशनवर तेल वाटणारच असेल तर त्यातलं थोडं तरी जिल्ह्यातल्या भुईमुगाचं असावं. त्याला जास्त पैसे लागतील हे खरं. पण हृदयविकाराच्या औषधांवर, जळगाव-नाशिकच्या दवाखान्यांच्या खेपांवर आणि कर्त्या माणसाच्या मृत्यूवर होणारा खर्च आजही कुणीतरी करतंच आहे, फक्त तो सरकारी हिशेबात दिसत नाही.

विप्रोचा पैसा ज्यांच्या ट्रंकेत पडला त्यांची नावं अमळनेरला लोकांना पाठ आहेत. डब्यातलं तूप ज्यांच्या पोटात गेलं त्यांची यादी कुणी केली नाही. पुढच्या दिवाळीला तेलाची पिशवी घरी येईल तेव्हा तिच्यावरचा बारीक मजकूर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा. तो वाचता येणारी पहिली पिढी अनेक घरांत तुमचीच आहे.